उत्तरेच्या खिडकीतला निळा

२ फेब्रुवारी, रविवार सकाळ

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. तू, माझी भावजय आणि छकुली मजेत असाल. आम्ही दोघंही ठीक आहोत. बाबांचा गुडघा सकाळी कुरकुरतो आणि गुडघा थांबला की बाबा कुरकुरतात. बाकी नवीन काही नाही.

बेचाळीस वर्षांच्या बस ड्रायव्हरला बारक्या म्हणणं शोभत नाही हे मला कळतं. पण पाकिटावर तुझं पूर्ण नाव नीट लिहिलंय, तेव्हा आत काय लिहायचं ते माझं मी बघेन.

तुझं कार्ड मिळालं. यंदाही आत फक्त सही. निदान "कशी आहेस" एवढं लिहायला शाई किती लागली असती? पण कार्डावरचं चित्र मात्र छान आहे. तुमच्याकडे रस्त्याच्या कडेला असे निळे गेंद खरंच वाढतात, की छापणाऱ्यांनी रंग ओतलाय? मी ते कार्ड बाबांच्या टेबलावर उभं करून ठेवलं. त्यांनी चष्मा लावून, खिडकीपाशी नेऊन बघितलं आणि म्हणाले, "राखाडी आहे." कुणाचं कार्ड आहे ते विचारलं नाही. फेकलंही नाही. सध्या ते वर्तमानपत्रांच्या खाली आहे, पण तिथे ते कोणी ठेवलं हे मला माहीत आहे, कारण मी ठेवलेलं नाही.

तर मुद्दा निळ्या फुलांचा आहे. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यापासून बाबांनी ध्यास घेतलाय. मागच्या अंगणात मी भाजी लावत होते, तर म्हणाले, "हिरवं हिरवं काय बघत बसायचं? एक निळं फूल आण." तुला आठवत असेल, लाल कुणालाही जमतो, निळा जमला तर मला दाखवायला आणा, असं ते आपल्याला म्हणायचे. कारखान्याचं रंगखातं सुटलं तरी निळ्याचं वेड काही सुटलं नाही.

आमच्या उन्हात निळं फूल म्हणजे काय प्रकार आहे हे तुला सांगते. पहिल्या वर्षी मी हायड्रेंजिया आणला, तुझ्या कार्डावर आहे तोच. रोपवाटिकेतल्या बाईंनी बजावलं होतं की इथल्या खाऱ्या पाण्यात तो गुलाबी होतो. गुलाबीच झाला. मग मी डोकं चालवलं. कारखान्यातून तुरटी आणली आणि आठवड्यातून एकदा तुरटीचं पाणी घातलं. कापडावर रंग धरायला तुरटी घालतात, तर फुलावर का नाही? दुसऱ्या बहराला पाच गेंद आले आणि पाचही निळे. मी इतकी खूश झाले की शेजारच्या शिंपीणबाईंना हात धरून आणलं. त्या म्हणाल्या, "अगं बाई, केवढं निळं हे." बाबांना आणलं. बाबा म्हणाले, "राखेच्या रंगाचं फूल पहिल्यांदाच बघतोय." एप्रिलच्या उन्हात ते झाड दोन दिवसांत कागदासारखं वाळलं, तेव्हा मला वाईट वाटलं आणि थोडं हायसंही वाटलं.

मग मी उन्हाला न घाबरणारी झाडं शोधली. गोकर्ण लावली. तिचं बी फार कडक असतं, काचकागदावर घासून रात्रभर भिजवावं लागतं. आता ती मागच्या कुंपणाच्या डोक्यावर चढून बसली आहे. प्लंबॅगो लावला, त्याचा निळा फिका, धुवून धुवून विटलेल्या सदऱ्यासारखा. जमिनीलगत विष्णुक्रांता पसरली आहे, ती सकाळी उघडते आणि दुपारी दुकान बंद करते. एवढंसं अंगण सगळं निळं झालंय. रस्त्यावरून जाणारे थांबून बघतात. बाबा रोज सकाळी काठी टेकत बाहेर येतात, एक चक्कर मारतात आणि म्हणतात, "चांगलं आहे. पण निळं कधी आणणार?"

तेव्हा माझी एक विनंती आहे. तुमच्याकडे जे काही निळं उगवत असेल त्याचं बी पाठव. टिकणार नाही हे मला माहीत आहे. तरी पाठव.

तुझी,
ताई

ता.क. बाबांची तब्येत चांगली आहे, असं वर लिहिलंय ते खरं आहे. फक्त परवा चहात साखरेऐवजी मीठ घातलं. डबे सारखेच आहेत म्हणा.


२१ मार्च, शुक्रवार

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. बियांची पुडी मिळाली. पुडीवर छकुलीने काढलेलं बसचं चित्र मिळालं. ड्रायव्हरचं डोकं बसपेक्षा मोठं आहे, म्हणजे पोरीची नजर चांगली आहे.

आणि तुझं पत्रही मिळालं. अकरा वर्षांनी पत्र लिहिलंस आणि तेही दोन ओळींचं. "बी पाठवत आहे, नाव माहीत नाही, शेवटच्या थांब्यापाशी उगवतं. त्यांना निळं दिसतं का अजून?"

मी ती दुसरी ओळ वाचली आणि ओट्यावरचं दूध उतू गेलं. ते पुसलं, पुन्हा वाचली. मग उगाचच सगळ्या कुंड्या हलवल्या. इकडच्या तिकडे आणि तिकडच्या इकडे. शिंपीणबाई कुंपणावरून म्हणाल्या, "अहो, झाडं आहेत ती, फर्निचर नाही." तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, पण शेवटी देते. आधी बाकीचं सांगून घेते.

तुझं बी मी दुसऱ्याच दिवशी पेरलं. उत्तरेच्या भिंतीला सावली असते तिथे, लाकडी खोक्यात. सात रोपं उठली. सहा झोपली. एक आहे. उन्हाची तिरीप आली की मी त्याच्यावर छत्री धरते. माणसं हसतात, हसू देत.

कारखान्यात काम खूप आहे. उत्तरेच्या खिडकीतल्या बाबांच्या स्टुलावर आता मी बसते हे तुला बहुतेक कुणीतरी सांगितलं असेल. सकाळी दहा ते बाराच्या उजेडातच कापडाचे नमुने बघायचे ही बाबांची पद्धत मी मोडलेली नाही. अजून तेच टेबल, तीच पेन्सिल दोऱ्याने खिळ्याला बांधलेली. रंगाची छटा पास-नापास करते म्हणून नवीन लोक मला शेड मास्तरीण म्हणतात. समोर म्हणतात ते हे, मागे काय म्हणतात ते मी विचारत नाही.

थांब, नळ सुरू राहिला वाटतं.

आले. तर शिंपीणबाई. त्यांच्याबद्दल लिहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांनीच घडवलंय. त्यांनी मागच्या वर्षी मोतीबिंदू काढला. का काढला, तर एका गिऱ्हाइकाच्या गडद निळ्या पँटला त्यांनी काळ्या दोऱ्याची शिलाई घातली आणि वर त्याच्याशीच भांडल्या की दोरा निळाच आहे. ऑपरेशननंतर दोऱ्याचा डबा उघडला तर अर्ध्या रिळांचे रंग वेगळेच निघाले. त्या हे हसत हसत सगळ्यांना सांगतात. मागच्या महिन्यात बाबांनाही सांगितलं. बाबा अंगणात खुर्चीवर बसले होते आणि "निळं कधी आणणार" हे चाललं होतं. शिंपीणबाई म्हणाल्या, "काका, तुमच्या डोक्यावर निळं लटकतंय. डोळे दाखवा एकदा."

बाबा चिडले. म्हणाले, "चाळीस वर्षं मी या डोळ्यांवर माणसांच्या भाकऱ्या चालवल्या." त्या म्हणाल्या, "मीही सुईवर चालवल्या. म्हणून काय झालं?" बाबांना पहिल्यांदाच तोडीस तोड मिळालं. तिसऱ्या दिवशी स्वतःहून त्यांच्याबरोबर डॉक्टरकडे गेले. माझ्याबरोबर नाही.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला पिकलेला आणि पिवळा. म्हणाले, हा एकदोन वर्षांतला नाही. घरच्यांच्या लक्षात कसं आलं नाही?

घरची मीच. मी म्हटलं, कामाच्या गडबडीत राहिलं.

आधी उजवा डोळा करायचा ठरलाय. पहिली तारीख मी पुढे ढकलली, कारण कारखान्यात मोठा लॉट होता. दुसरी ढकलली, कारण मला सर्दी होती. मला होती, बाबांना नाही. आता आठ एप्रिल पक्की आहे. ऑपरेशन वीस मिनिटांचं असतं, त्याच दिवशी घरी सोडतात. शिंपीणबाई विचारतात, "एवढी येरझारा का घालताय?" मी त्यांना सांगते की गोकर्णीला मावा पडलाय. मावा पडलाय हे खरं आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं. कागद संपत आला. मागची बाजू कोरी आहे हे तुला दिसेलच, पण आता मला उठायला हवं.

तुझी,
ताई


३० एप्रिल, बुधवार

प्रिय बारक्या,

आशीर्वाद.

या वेळी तब्येतपाण्याचं आधी लिहीत नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी लिहिते, नाहीतर पुन्हा नळ सुरू राहील.

नाही. त्यांना निळं दिसत नव्हतं. आत्ता दिसेनासं झालं असं नाही. त्या दिवशीसुद्धा दिसत नव्हतं.

त्या दिवशीचं तुला माहीत आहे तेवढं आधी लिहिते. दवाखान्याच्या पडद्यांचा तो निळा लॉट होता. रंगखात्यात तुझा पहिला मोठा लॉट. तू तीन दिवस घरी जेवायलासुद्धा नीट आला नव्हतास. साडेदहाला तू तुकडा कापून खिडकीत आणलास. बाबांनी गिऱ्हाइकाचा नमुना शेजारी ठेवला, मान तिरकी केली आणि म्हणाले, "मेलेला आहे. काळसर आलाय. नापास." तू म्हणालास की जुळतोय. ते म्हणाले नाही. आठ माणसं बघत होती. तू म्हणालास, "बाबा, मग डोळे तपासा." ते बोलायला नको होतं, पण तू बोललास. बाबांचा चेहरा असा झाला की मला तो अजून दिसतो. ते माझ्याकडे वळले. नियमच होता, नमुन्याच्या चिठ्ठीवर दोन सह्या लागायच्या, शेड मास्तरची आणि तपासनिसाची. तेव्हा तपासनीस मी होते. बाबा म्हणाले, "तू सांग."

दोन्ही तुकडे माझ्या हातात होते. मी म्हटलं, "बाबा म्हणतात ते बरोबर आहे." आणि "नापास"च्या खाली सही केली.

मग सगळा माल काळा केला. बिघडलेला रंग झाकायला काळा घालतात हे तुला कोणी शिकवायची गरज नव्हती. ते काळं पाणी चढेपर्यंत तू हौदापाशी उभा होतास. शनिवारी तू निघून गेलास.

आता तुला माहीत नाही ते.

ते जुळत होते, बारक्या. इतके जुळत होते की मी हातातल्या हातात अदलाबदल केली असती तर कुठला कुणाचा हे मला सांगता आलं नसतं. तुझा निळा बरोबर होता.

गिऱ्हाइकाचा नमुना दुसऱ्या कारखान्यातल्या रंगाचा होता, आपला आपल्या रंगाचा. तुझ्यामाझ्या डोळ्यांना ते जुळे होते, बाबांच्या पिवळ्या पडलेल्या भिंगाला सावत्र. हे मला तेव्हा एवढं नीट कळत नव्हतं. पण त्यांची नजर गेली आहे हे कळत होतं. त्याआधी वर्षभर मी बघत होते. निळ्याहिरव्यात ते अडखळायचे आणि मी मागून हळूच म्हणायचे, "थोडा हिरवा मारतोय का हो?" ते म्हणायचे, "तेच म्हणतोय मी." त्या दिवसानंतर निवृत्त होईपर्यंत सात वर्षं मी हेच केलं. सगळं खातं म्हणायचं, काय नजर आहे म्हाताऱ्याची.

मी खोटं का बोलले, याची दोन कारणं आहेत. चांगलं दिसणारं आधी लिहिते. आठ माणसांसमोर बाबा खाली पडले असते. नुसतं नोकरीचं म्हणत नाही. आई गेल्यावर त्यांच्याकडे दुसरं काहीच नव्हतं, दोन पोरं आणि दोन डोळे. मला वाटलं तू तरुण आहेस, तू सावरशील. चार दिवस रागावशील आणि परत येशील. तू रागावून गेलास हे मला समजलं असतं. पण त्या क्षणी तू माझ्याकडे बघितलंस आणि तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हताच. तू स्वतःच्या हातातल्या तुकड्याकडे असा बघायला लागलास, जणू ताईलाही काळसर दिसतंय म्हणजे माझेच डोळे फसवतायत. त्यानंतर तू रंगाला हात लावला नाहीस. तू बस चालवतोस असं कळलं तेव्हा मी शेजारीपाजारी सांगत फिरले की त्याला फिरायची आवड आहे.

दुसरं कारण. तुझ्या आधी चार वर्षं मी त्या खात्यात होते. वहीत नमुने चिकटवत होते, चिठ्ठ्या लिहीत होते, तपासनीस म्हणून बाबा म्हणतील तिथे सही करत होते. रंग मला तुझ्याइतकाच कळत होता. कदाचित जास्तच, हे आता लिहायला हरकत नाही. तू आलास आणि सहाव्या महिन्यात बाबांनी तुला खिडकीत बसवून पेन्सिल हातात दिली. मला कधी दिली नव्हती. त्या दिवशी "तू सांग" म्हणून ते माझ्याकडे वळले, तेव्हा भीतीबरोबर आणखी एक गोष्ट माझ्या मनात आली. हा गेला तर बाबांनंतर स्टूल मोकळं होईल. एवढंच. एका श्वासाएवढा वेळ आली असेल. पण आली, आणि स्टूल मोकळं झालं, आणि मी बसले.

मला लाज वाटते. अकरा वर्षं वाटते आहे. पण लाज वाटून मी केलं काय, तर अंगणात निळी फुलं लावली. एकावर एक लावत गेले. डोळ्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना आपल्या घरापासून चार गल्ल्यांवर आहे. तिथे मी त्यांना नेलं नाही, कारण दिसायला लागलं की ते सगळं बघतील हे मला माहीत होतं.

आणि त्यांनी बघितलं.

आठ तारखेला उजवा डोळा झाला. पंधरा दिवस काळा चष्मा, धूळ नको, वाकायचं नाही. बुधवारी, म्हणजे आजपासून आठवड्यापूर्वी, डॉक्टरांनी चष्मा काढायला सांगितला. सकाळी नऊचा सुमार असेल. मी प्लंबॅगोच्या काड्या छाटत होते, त्याच्या चिकट कळ्या सगळ्या साडीला लागल्या होत्या. बाबा पायरीवर आले आणि थांबले. मग काठी भिंतीला टेकवून गोकर्णीपाशी गेले. एक फूल तोडलं. उजव्या डोळ्यावर तळवा ठेवून बघितलं. मग तळवा डाव्यावर ठेवला. मग पुन्हा उजव्यावर. विष्णुक्रांतेजवळ काठीशिवाय वाकले, मी ओरडले तरी वाकले. प्रत्येक झाडापाशी हेच. एक डोळा, दुसरा डोळा. शिंपीणबाई कुंपणाशी आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" त्यांना वाटलं बाबा आनंदाने रडतायत.

अर्ध्या तासाने ते माझ्यापाशी आले. फूल पुढे धरलं. म्हणाले, "डाव्याने राखाडी आहे. उजव्याने निळा आहे. हे किती दिवसांपासून?"

मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाले बरीच वर्षं."

"पडद्यांच्या लॉटच्या वेळी?"

ते फुलाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. हळू आवाजात म्हणाले, "मला दिसत नव्हतं. तुला दिसत होतं."

मी "हो" म्हटलं. अकरा वर्षांत मी बोललेला पहिला खरा शब्द तेवढाच. ते आत गेले.

तीन दिवस आमच्या घरात ताटवाट्यांशिवाय कशाचा आवाज नव्हता. मी वाढायचे, ते जेवायचे. मी कारखान्यात जायचे आणि स्टुलावर बसवायचं नाही, उभ्यानेच नमुने बघायचे. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. बियांच्या डब्याच्या तळाशी मी एक गोष्ट ठेवली होती, ती काढून त्यांच्यापुढे ठेवली. तो लॉट काळ्याच्या हौदात जायच्या आधी मी तळहाताएवढा तुकडा कापून घेतला होता. तो आणि गिऱ्हाइकाचा नमुना, दोन्ही. का घेतला होता ते सांगता येणार नाही. फेकवला नाही, दाखववला नाही.

बाबांनी घड्याळ बघितलं. सव्वानऊ झाले होते. म्हणाले, "दहा वाजू दे." पाऊण तास आम्ही दोघं ते तुकडे मधे ठेवून बसलो. दहाला ते उठले, आपल्या आतल्या खोलीच्या उत्तरेच्या खिडकीत गेले, खिडकी पुसायला लावली. डावा डोळा झाकला आणि बघितलं. तुला त्यांची सवय माहीत आहे, मान तिरकी करून, तुकडे आलटून पालटून. लागतो त्याच्या तिप्पट वेळ त्यांनी घेतला. मग कात्री मागितली. पास झालेल्या नमुन्याचे करतात तसे तुझ्या तुकड्याचे दोन भाग केले, एक मास्तरच्या वहीसाठी, एक रंगाऱ्यासाठी. दोन चिठ्ठ्या माझ्याकडून घेतल्या आणि दोन्हींवर "पास" लिहून सही केली. तारीख त्याच दिवसाची घातली, सत्तावीस एप्रिल. मी म्हटलं, "त्या दिवशीची घाला ना." तर म्हणाले, "बघितलं आज, तर तारीख आजची."

वहीतला भाग त्यांच्या उशाशी आहे. रंगाऱ्याचा या पाकिटात आहे, चिठ्ठीसकट. नीट उघड.

तू खिडकीत जाऊन बघशील हे मला माहीत आहे. दहा ते बारामध्ये बघ. तुझ्या डोळ्यांवर तेव्हाही विश्वास ठेवायला हरकत नव्हती.

मी विचारलं, "त्याला काय लिहू?" म्हणाले, "जे दिसलं ते." मी म्हटलं, "तुमच्याकडून काय लिहू?" बराच वेळ टेबलावरची वर्तमानपत्रं सारखी करत राहिले. त्यांच्याखालून तुझं कार्ड काढलं, उजव्या डोळ्याने बघितलं आणि म्हणाले, "डावा डोळा मी केलेला नाही अजून. तो तसाच ठेवतो. त्याला म्हणावं येऊन बघ, मी त्याच्यासमोर एकेक डोळा झाकून दाखवतो. मी मुद्दाम केलं नव्हतं एवढं तरी त्याला कळेल. मग डावा करून टाकू." डॉक्टर यावर वैतागले आहेत. फार थांबू नका म्हणतात. कसंबसं दहा जूनपर्यंत थांबायला तयार झालेत. त्याच्या आत ये. भावजयीला आण, छकुलीला आण. एकटा आलास तरी चालेल.

माझ्यासाठी ये असं मी लिहू शकत नाही. मी स्टेशनावर येणार नाही, तुला नको असेल तर घरातही राहणार नाही, शिंपीणबाईंकडे जाऊन बसेन. त्या मला काज करायला बसवतील. तुझ्या बियांचं ते एक रोप अजून आहे. पाऊल टाकताना उत्तरेच्या भिंतीपाशी जपून टाक.

चिठ्ठीवर बाबांच्या सहीखाली दुसऱ्या सहीची जागा मोकळी दिसेल. बाबांनी पेन्सिल माझ्याकडे सरकवली होती. मी केली नाही. माझी सही तिथे चालेल की नाही हे तू ठरव. तू म्हणालास तर तुझ्यासमोर करीन.

या पत्राखाली मात्र करते. हे मी लिहिलं आहे, आणि ते मी केलं होतं.

तुझी मोठी बहीण,
ताई